सावकाश पळणारी गाडी: पन्नास वर्षांची ट्रायल्स मोटारसायकल पुन्हा उभी करताना

गणपतीत आमच्या गल्लीत सावकाश सायकल स्पर्धा असायची. रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा, आणि जो सगळ्यांच्या मागून पोचेल त्याचा पहिला नंबर. पाय टेकला की बाद. एरवी दणादण सायकल हाणणारी पोरं पहिल्या दहा फुटांतच आडवी व्हायची, आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला एखादा जण हँडल इकडेतिकडे डुलवत डुलवत बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन जायचा.

हीच स्पर्धा ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यांवर आणि घसरड्या चढावर मोटारसायकल घेऊन खेळायची, म्हणजे ट्रायल्स. रानात फिती बांधून छोटे छोटे टप्पे आखलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर एक पंच वही घेऊन उभा. पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीनच. पडलात, फितीबाहेर गेलात, किंवा (निदान जुन्या गाड्यांच्या बहुतेक स्पर्धांत) गाडी थांबली, तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. सीट नावापुरतीच, कारण सगळा कारभार उभ्याने.

मी कोल्हापूरचा. नोकरीमुळे यॉर्कशायरला आलो आणि इथल्या एका शेतकऱ्याच्या रानात रविवारी सकाळी हा प्रकार पाहिला. सत्तरीचे आजोबा, त्यांच्याच काळातल्या गाड्या, चालण्याइतका वेग, आणि तरीही अंगावर काटा. पुढच्या वर्षी माझ्या शेडमध्ये १९७२ ची बुल्टाको शेर्पा टी ही स्पेनची 'ट्विनशॉक' ट्रायल्स गाडी येऊन पडली. 'पडली' हा शब्द बरोबर आहे, कारण पिस्टन गंजून अडकलेला होता आणि चाकं फिरत नव्हती.

ट्विनशॉक म्हणजे काय

शब्दशः अर्थ साधा आहे: मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आमच्या बुलेटला दोनच असतात. खरंय, आणि बुलेटचा या गोष्टीशी संबंधही जुना आहे. मागचं चाक स्प्रिंगवर झुलायला लागलं की पकड जाते, अशी एकेकाळी ट्रायल्सवाल्यांची ठाम समजूत होती. १९४८ मध्ये रॉयल एनफिल्डने बुलेटचा नमुना ट्रायल्सच्याच मैदानात उतरवला, तोही मागे दोन शॉकअप लावून. पुढे जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली आणि तो वाद मिटला. मद्रासमध्ये बुलेट तयार होऊ लागली ती याच घराण्यातली.

पुढे सॅमी मिलर आला. बेलफास्टचा हा गडी पाचशे सीसीच्या एरियलवर सगळं जिंकत होता. १९६४ च्या अखेरीस तो बार्सिलोनाजवळच्या बुल्टाको कंपनीत गेला. फ्रान्सिस्को ऊर्फ पाको बुल्टो यांची ही कंपनी. नाव बुल्टो आणि पाको यांची मोडतोड करून केलेलं. मिलरने त्यांच्याकडून २४४ सीसीची टू-स्ट्रोक ट्रायल्स गाडी तयार करून घेतली आणि १९६५ मध्ये स्कॉटलंडची तीच स्पर्धा जिंकली. परदेशी गाडीने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. धडधडणाऱ्या मोठ्या ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस तिथे संपले. १९७५ ते १९७९ अशी ओळीने पाच जागतिक विजेतेपदं बुल्टाकोवर बसलेल्यांनी मिळवली. १९८० च्या दशकाच्या मध्याला सीटखाली एकच शॉकअप असलेल्या गाड्या आल्या आणि दोन शॉकअपवाल्या म्हाताऱ्या ठरल्या. आज त्यांचा स्पर्धेत वेगळा गट असतो: मागे दोन शॉकअप, हवेने थंड होणारं इंजिन, ड्रम ब्रेक.

उघडण्याआधी

अशी गाडी उभी करताना एकच प्रश्न सतत विचारायचा: ही सावकाश नीट चालेल का? ऐंशीच्या वेगात जे दोष वाऱ्यावर उडून जातात, ते चार किलोमीटरच्या वेगात तोंडावर आपटवतात. म्हणून रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. मी अर्थातच उलटं केलं. आधी फ्रेम पावडर कोटिंगला दिली. ती इतकी सुंदर होऊन आली की स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या झुलत्या दांड्याच्या) बुशच्या जागेतही जाड थर बसला होता आणि इंजिनाचे बोल्ट भोकांतून जाईनात. दोन संध्याकाळी कानस घेऊन घासत बसलो. रंगाला देण्याआधी बेअरिंगच्या जागा, आटे आणि फ्रेम नंबर झाकून द्यायचे. नंबर रंगाखाली बुजला तर कागदपत्रांच्या वेळी डोक्याला ताप होतो, तो वेगळाच.

त्याआधी फ्रेम डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायची. भेगा ठरलेल्या ठिकाणी असतात: हँडलच्या नळीपाशी, पायदांडीच्या वेल्डिंगपाशी, स्विंगआर्मच्या पिवटपाशी. माणूस अख्खं वजन पायदांडीवर टाकून उड्या मारत असतो, तर दुसरीकडे कुठे जाणार भेग?

अडकलेल्या पिस्टनला हातोडा दाखवायचा नाही. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि आठवडाभर दुसरं काम करायचं. माझा नवव्या दिवशी सुटला.

इंजिनाचा श्वास

आता मुख्य भाग. लुना, चेतक किंवा येझदी चालवलेल्यांना टू-स्ट्रोक पेट्रोलमधल्या तेलामुळे आणि मागच्या निळ्या धुरामुळे माहीत असते. पण आतला खेळ बहुतेकांना माहीत नसतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या वर जसं काम चालतं तसंच खालीही चालतं. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलेंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा पंप आहे. आणि पंप गळका असेल तर बाकी सगळं नवं टाकून उपयोग शून्य.

या पंपाला दोन दारं आहेत. क्रँकची दोन्ही टोकं क्रँककेसच्या बाहेर येतात आणि प्रत्येक ठिकाणी रबरी ऑइल सील असतो. पन्नास वर्षांत रबर लाकडासारखं कडक होतं. एका अंगाला क्लच तेलात बुडालेला असतो. तिकडचा सील गेला की इंजिन क्लचचं तेल पितं, धूर सोडतं आणि क्लचमधलं तेल गूढपणे कमी होत जातं. दुसऱ्या अंगाला ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेट कोरडा असतो. तिकडचा सील गेला की बाहेरची हवा आत शिरते. हा जास्त घातक. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही. एक्सिलेटर सोडला तरी इंजिन ओरडतच राहतं, तापतं, आणि एके दिवशी पिस्टन सीझ होतो. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात आणि दोष असतो शंभर-दोनशे रुपयांच्या सीलमध्ये.

हे तपासायची युक्ती मला फार आवडते. सिलेंडरची आत घ्यायची आणि धूर सोडायची दोन्ही तोंडं रबर आणि पत्र्याने बंद करायची. प्लगच्या जागी एक नळी. त्या नळीला डॉक्टरांचा जुना, हाताने फुगवायचा बीपीचा पंप जोडायचा. काटा ३०० पर्यंत न्यायचा, म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. त्यापुढे नाही, नाहीतर चांगला सीलही जागेवरून सुटेल. मग चहा टाकायचा. पाच-सहा मिनिटांनी काटा होता तिथेच असेल तर इंजिन घट्ट. घसरला असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. माझ्या इंजिनाचा बीपी चहाला उकळी फुटायच्या आत १२० वर आला होता. माणसाला उत्तम, इंजिनाला नाही. बुडबुडे मॅग्नेटच्या मागून.

सील बदलायचे, तर केस उघडलीच आहे म्हणून बेअरिंगही बदलायचे. इथे हातोड्याऐवजी ओव्हन वापरतात. ॲल्युमिनियम गरम झालं की पोलादाच्या साधारण दुप्पट पसरतं. केस शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवली आणि लाकडावर हलकेच आपटली की जुनं बेअरिंग टप्पकन खाली पडतं. नवं बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचं. गरम केसमध्ये ते बोटाने बसतं. घरातल्या ओव्हनमधून केस काढताना घरात कोण आहे याचा अंदाज घ्यावा. आधी कितीही धुतली तरी जुन्या तेलाचा वास येतोच, आणि पुढच्या रविवारच्या केकलाही येतो.

सिलेंडर, आणि लेथवाल्याला सांगायच्या गोष्टी

गंजलेला सिलेंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम सांगताना दोन वाक्यं पुरतात, इथे मात्र लेथवाला जुन्या टू-स्ट्रोकशी परिचित आहे ना हे विचारून घ्यावं लागतं. कारण टू-स्ट्रोकच्या सिलेंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनची रिंग दर फेरीला त्यांच्यावरून सरकते. बोअर केल्यावर खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. त्या कडा हाताने गोलसर मारून घेतल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते आणि नवा पिस्टन घेऊन जाते. रिंगची दोन टोकं पिस्टनवरच्या बारीक खुंटीला भिडलेली असतात, तीसुद्धा याचसाठी: रिंग फिरून तिचं तोंड खिडकीत येऊ नये म्हणून. पिस्टनवरचा बाण कुठे तोंड करून बसवायचा हे त्यामुळे ठरलेलं असतं. उलटा बसवला तर गाडी एकदाच सुरू होते.

ठिणगी

मॅग्नेट स्पेनचाच, फेम्सा कंपनीचा. बॅटरी नाही. फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉइलमध्ये वीज तयार करतात आणि पॉइंट (वीज जोडणारा-तोडणारा छोटा खटका) उघडताच ठिणगी पडते. पॉइंटचा गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवायचा. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, अंशांऐवजी मिलिमीटरमध्ये मोजायचं: पिस्टन अगदी वर पोचायला अजून दोन-तीन मिलिमीटर बाकी असताना पॉइंट उघडला पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. प्लगच्या भोकात डायल गेज लावून ते बघता येतं.

यातला सगळ्यात लबाड भाग पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर. गार गाडी पहिल्या किकला सुरू, वीस मिनिटं झकास, मग तापल्यावर बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. असं झालं की कंडेन्सर किंवा कॉइल गेली असं समजावं. बरेच जण सरळ नवीन इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून किका मारलेला माणूस शुद्धतावादी राहत नाही. फक्त एक बघावं. काही तयार संचांतलं फ्लायव्हील हलकं असतं, आणि ट्रायल्स गाडीचं वजनदार फ्लायव्हील हाच तिचा जीव. ते जडपणे फिरत राहतं म्हणून इंजिन जवळजवळ बंद पडायच्या वेगात धोंडा चढून जातं. हलकं लावलंत तर गाडी चटकन ओरडेल आणि चटकन मरेल. आणि हो, फ्लायव्हील काढायला पुलरच हवा. छिन्नी-हातोड्याने काढलेलं फ्लायव्हील मी पाहिलंय. त्यातली चुंबकं निखळून फिरत होती.

पेट्रोल, तेल आणि विरघळणारी टाकी

जुन्या पुस्तिकेत वीस लिटरला एक लिटर तेल असं काहीतरी प्रमाण दिलेलं असतं. ते तेव्हाच्या तेलासाठी होतं. आजच्या चांगल्या टू-टी तेलाला चाळीस ते पन्नासास एक पुरतं. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, हा आपल्याकडच्या पेट्रोल पंपावरचा जुना समज. 'जरा जास्त टाक रे' म्हणून चेतकवाले सांगायचे आणि मग सायलेन्सर भट्टीत जाळून आणायचे. तेल जास्त टाकलं की त्याच थेंबात पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. त्यात ट्रायल्स गाडी कधी जोरात पळत नाही, त्यामुळे जादा तेल जळत नाही, प्लग ओला करतं आणि सायलेन्सरमध्ये डांबर होऊन बसतं. पोलादी सायलेन्सर कॉस्टिक सोड्याने साफ होतो. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नका, तो ॲल्युमिनियमच खाऊन टाकतो.

कार्ब्युरेटरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) सगळ्यात छोटा: पायलट. ही गाडी तीन चतुर्थांश वेळ त्याच्यावरच चालते. त्याच्या भोकात वार्निशसारखा एक पापुद्रा असला तरी गाडी खालच्या वेगात अडखळते. तार घालून भोक मोठं करू नका, नवा जेट स्वस्त आहे. जुन्या अ‍ॅमल कार्ब्युरेटरची स्लाइडही (एक्सिलेटरने वरखाली होणारी झडप) झिजलेली असते. बोटाने हलवून बघा, खडखडली तर बाजूने हवा जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही.

टाकीची गोष्ट मात्र रडवणारी आहे. माझ्या शेर्पाची टाकी आणि सीट मिळून फायबरग्लासचा एकच देखणा तुकडा. ज्या काळात ती घडली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. भारतात तर आता वीस टक्के. आमच्याकडचा ऊस टाकीत येऊन बसला, असं मी गावाकडच्या शेतकरी मित्राला फोनवर सांगितलं, तेव्हा तो खूश झाला होता. इथेनॉल त्या जुन्या रेझिनला मऊ करतं. आधी रंगाला फोड येतात, मग टाकी बोटाने दबते. विरघळलेलं रेझिन पेट्रोलबरोबर खाली जाऊन कार्ब्युरेटरमध्ये आणि पिस्टनवर तपकिरी चिक्कीसारखं बसतं. उपाय दोन: टाकीला आतून इथेनॉल सोसणाऱ्या इपॉक्सीचा लेप, किंवा ॲल्युमिनियमची टाकी. मी लेप दिला, पाच टक्केवालं महाग पेट्रोल भरतो आणि स्पर्धा संपली की टाकी रिकामी करतो. तरीही आतला वास घेताना छातीत धडधडतंच.

क्लच, चाकं आणि हवा

क्लचच्या प्लेटा सगळ्या पोलादी. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्या एकमेकींना चिकटतात आणि क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते. ट्रायल्समध्ये हे म्हणजे स्पर्धेतून बाद. प्लेटा सपाट आहेत का ते काचेवर ठेवून बघायचं, घासून चमक उडवायची. या इंजिनात क्लचचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. क्लचला पातळ, गिअरला जाड. एकच ओतून मोकळे होऊ नका. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. जुनी बुलेट चालवलेल्याला यात काही नवल नाही, बाकीचे पहिल्या दिवशी ब्रेक मारायला जाऊन गिअर टाकतात.

टायरमधली हवा ऐकून पाहुणे दचकतात. रस्त्यावरच्या मोटारसायकलला पंचवीस-तीस पीएसआय, हिला मागे चार-पाच आणि पुढे पाच-सहा. टायर धोंड्यावर भाकरीच्या गोळ्यासारखा बसतो आणि तो कवेत घेतो. इतक्या कमी हवेत टायर रिमवर फिरून ट्यूबचा वॉल्व्ह उपटू नये म्हणून रिमच्या आत टायर धरून ठेवणारा एक खास बोल्ट असतो. तो जुन्या गाडीत हमखास गायब असतो.

मागचे शॉकअप दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेतलेले बरे, पण लांबी मोजून. लांब घेतले तर गाडीचं बूड वर येतं, पुढचा फोर्क उभा होतो आणि हँडल अंगावर यायला लागतं. आखूड घेतले तर वळताना ती नांगरासारखी सरळ जाते. ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की गायब होतात, ते स्वीकारायचं. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला लेथवर जुळवून घेतले तर निदान कोरड्यात तरी एका बोटाने गाडी थांबते.

आणि दर रविवारनंतर? प्रेशर वॉशर बेअरिंगपासून लांब ठेवायचा, फोमचा एअर फिल्टर धुऊन तेल लावायचा, स्विंगआर्मला ग्रीस, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी. मग चाक फिरवत पान्याच्या दांड्याने एकेका स्पोकवर टिचकी मारायची. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला टपकन. काल मागच्या चाकातला अकरावा टपकन वाजला, वाकडाही आहे. नवा बुधवारी येईल.